मेडिकलचा शिरा

बायको गेल्यानंतरच्या पहिल्या मेडिकलला आमच्या घरात शिरा झाला नाही.

तिकडच्या माणसाला यातलं काही कळणार नाही, म्हणून सांगतो. इकडे दुबई-शारजात राहायचं तर ठरल्या मुदतीला विसा नवा करावा लागतो, आणि विसा नवा करायचा तर मेडिकल द्यावं लागतं. सेंटरवर जायचं, टोकन घेऊन बसायचं, दंडातनं रक्त द्यायचं, शर्ट काढून छातीचा फोटो काढायचा. खलास. मग निकाल येतो. फिट आलं तर माणूस पुढच्या मुदतीपर्यंत इथला. अनफिट आलं तर बॅग भरायची.

मी इचलकरंजीहून शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात आलो, गाड्यांचे गळके रेडिएटर झाळायच्या कामावर. तेव्हा आमच्या खोलीत मिरजेचा एक वेल्डर होता. त्याच्या छातीच्या फोटोत डाग निघाला. बघता बघता त्याला विमानात बसवलं. त्याचा टॉवेल दोरीवर तसाच राहिला. तो काढायला कुणाचा हात होईना. तेव्हापासून मेडिकलला जायच्या आधी मी माझा टॉवेल दोरीवरनं काढून ठेवायचो.

बायको इथं आली तेव्हा तिनं ही भीती बघितली. मी फिटचा कागद घेऊन घरी आलो, तर तुपाचा वास जिन्यापर्यंत आलेला.

"अगं, आज काय आहे?"

"पास झालात ना? मग तोंड गोड करा."

आणि तिथनं पुढं प्रत्येक मेडिकलला शिरा. माझ्या, तिच्या, पोराच्या. पोरगा इथंच वाढला, इथंच शिकला, आता मोठ्या ऑफिसात आहे. त्याला अजून मेडिकल म्हणजे शिरा एवढंच आठवतं.

शिरा खाता खाता आमच्या डोक्यात एक गोष्ट मात्र पक्की बसली. सरकारनं आपल्याला तपासलंय, म्हणजे आपण ठणठणीत. पाय दुखू दे, डोकं गरगरू दे, कुणी डॉक्टरकडे जा म्हटलं की उत्तर तयार. "आत्ताच तर मेडिकल झालं की." आणि आपणहून दवाखान्यात जाऊन जादा तपासण्या कधीच करायच्या नाहीत. काय तरी निघायचं आणि विसा जायचा. ही भीती कुणी घातली माहीत नाही. सगळ्यांना होती. अजून आहे.

बायको गेली ती स्वयंपाकघरात. डोक्यात रक्तस्राव झाला म्हणाले. गॅसवर आमटी होती. मी आधी गॅस बंद केला की आधी तिला उचललं, ते आजही आठवत नाही.

पोरगा म्हणाला, "बाबा, आमच्याकडे चला." तो दुबईत जुमेरा लेक टॉवर्सला राहतो, बायको आणि मुलगी घेऊन. मी आठवडाभर राहून आलो. घर चांगलं आहे, सगळं पांढरं. कुठं बसावं कळत नाही. सून चांगली, नात चांगली. पण मला माझं शारजातलं, अल नहदाचं घर बरं. दिवसभर वर्कशॉप आहे. आता हातानं काम होत नाही, उभा राहून बघतो. संध्याकाळी दाराला चावी लावली की घर सकाळी सोडलं तसंच असतं. पेला ओट्यावर जिथं ठेवला तिथंच. चप्पल वाकडी पडली असेल तर वाकडीच. कुणी सरळ केलेली नसते. माणूस मेल्याचं दुःख मोठं असतं असं सगळे सांगतात. ते पेल्याचं कुणी सांगत नाही.

तर त्या मेडिकलचं. निकाल आला, फिट. मी फोन बघितला आणि खाली ठेवला. रवा घरात होता, तूप होतं. ती गेल्यापासून त्या डब्यांना मी हात लावला नव्हता.

संध्याकाळी शेठ आला. शेठ म्हणजे माझा इथला दोस्त. आम्ही दोघं एकाच खोलीत दिवस काढलेले. पुढं त्यानं आणि त्याच्या बायकोनं जेवणाच्या डब्यांचा धंदा टाकला. शारजातनं त्यांचे डबे पार दुबईच्या ऑफिसांपर्यंत जातात. तो मला मिस्त्री म्हणतो.

"मिस्त्री, फिट?"

"फिट."

"मग शिरा?"

मी त्याला पाणी दिलं. त्यानं ओट्याकडे बघितलं, उठला, चपला घातल्या आणि गेला. मला वाटलं रागावला. तासाभरानं स्टीलचा डबा घेऊन परत. शिऱ्यात अननसाच्या फोडी.

"अननस कशाला घातलास?"

"ऑफिसवाल्यांना असाच लागतो. खा गप."

खाल्ला. गोड मिट्ट होता. शेठ जाताना म्हणाला, "माझं मेडिकल पुढच्या महिन्यात. तेव्हा साधा करायला सांगतो." त्याचंही फिट आलं. साधा शिरा आला. तोही खाल्ला.

मग शेठची कंबर धरली. पातेली उचलून उचलून धरली, असं तो म्हणायचा. पट्टा बांधला, तेल चोळलं, फार्मसीतनं गोळ्या आणल्या. वहिनी रोज मागं लागायच्या.

"अहो, एकदा दाखवून या की डॉक्टरला."

"मेडिकल फिट आहे बाई माझं. उगाच डोकं खाऊ नको."

एके दिवशी सकाळी भात उतरवताना त्याचा पाय गेला. म्हणजे पायात जोरच राहिला नाही, खाली बसला तो बसलाच. नशीब पातेलं दुसऱ्या बाजूला कलंडलं. हॉस्पिटलात नेलं. मीही गेलो. फोटो काढले, मोठ्या मशीनमध्ये घातला. मग डॉक्टरनं आम्हाला बोलावून सांगितलं की कॅन्सर आहे, प्रोस्टेटचा, आणि तो मणक्यात उतरलाय.

आम्हा दोघांना प्रोस्टेट म्हणजे काय तेच माहीत नव्हतं. इतकी वर्षं अंगात घेऊन हिंडतोय आणि नाव माहीत नाही. डॉक्टरनं चित्र काढून दाखवलं. लघवीच्या पिशवीच्या खाली मोठ्या सुपारीएवढी ग्रंथी असते, फक्त पुरुषाला. तिथं सुरुवात झाली. किती वर्षं गुपचूप वाढत होता ते सांगता येत नाही म्हणाले. सुरुवातीला बहुतेकांना काहीच त्रास होत नाही. दुखायला लागतं तेव्हा पुष्कळदा तो ग्रंथीच्या बाहेर पडलेला असतो.

वहिनींनी विचारलं, "डॉक्टरसाब, लेकिन अभी अभी तो इनका मेडिकल हुआ. फिट आया."

डॉक्टर म्हणाला, "भाभीजी, वो अलग चीज़ है. वो देखते हैं कि आपसे किसी और को बीमारी ना लगे. इसका खून का टेस्ट अलग होता है, पीएसए. वो खुद आके कराना पड़ता है."

मी खुर्चीत बसून होतो. माझ्या डोळ्यांपुढं ते सगळे शिरे आले. आम्ही कशाचा आनंद करत होतो? माझ्यापासून शेजाऱ्याला धोका नाही, एवढाच त्या कागदाचा अर्थ होता. मला आतनं काय होतंय ते त्यात लिहिलेलं नव्हतं. लिहिलंय असं कुणी म्हटलंही नव्हतं. आम्हीच वाचलं.

शेठला घरी आणलं. इंजेक्शनं सुरू झाली, गोळ्या सुरू झाल्या. पूर्ण बरा होणार नाही, पण दाबून ठेवता येईल म्हणाले. मी वर्कशॉपवरनं परस्पर त्याच्याकडे जायचो. तो पलंगावर उशांना टेकून बसलेला, आणि तिथनंच किचनवर ओरडायचा, फोडणी करपली म्हणून. गेल्या गेल्या मला एकच प्रश्न.

"रक्त दिलंस तपासायला?"

"देतो."

"कधी? मला पोचवल्यावर?"

"शेठ, मला काय करायचंय रक्त देऊन. निघालं तर निघालं. पोरगा त्याच्या संसारात आहे. माझ्यामागं कोण आहे रडायला?"

एका दिवशी हे ऐकून तो इतका तापला की वहिनी हातातलं सोडून बाहेर आल्या.

"तुझी बायको गेली म्हणून तुला मरायचं लायसन मिळालं काय रे? मला बघ. मला जगायचंय. माझा धंदा आहे, ही आहे, मला अजून इच्छा आहे. तर मला कळलं ते असं, पाय गेल्यावर. आणि तुला आधी कळू शकतं, तर तू दुःखाचे नखरे करतोस. ती असती तर कान धरून नेला असता तुला."

"ती असती तर..." मी म्हणालो आणि त्याची उशी सरळ करायला लागलो.

वहिनी हळू आवाजात म्हणाल्या, "भाऊजी, जा की. त्यांच्यासाठी नको, माझ्यासाठी जा. एकाच किचनमध्ये दोन-दोन पेशंटांना पथ्याचं करायला मला जमायचं नाही."

शेठ हसला. मीही हसलो. दुसऱ्या दिवशी गेलो.

अल नहदातच माझ्या बिल्डिंगच्या पलीकडे क्लिनिक आहे. काउंटरवरच्या मुलीनं विचारलं, "साथ में कौन है?" म्हटलं, कोणी नाही. तिनं पुढं बघितलं, माझ्या मागं कुणी उभं आहे का म्हणून. नव्हतं.

डॉक्टर तरुण होता, केरळचा. मोडकंतोडकं हिंदी बोलत होता, माझ्यासारखंच.

"रात को पेशाब के लिए कितनी बार उठते हो?"

"पता नहीं."

"वाइफ से पूछो ना." तो हसत म्हणाला. "वाइफ लोगों को सब पता होता है. हमारी नींद का हिसाब उनके पास."

"वाइफ नहीं है. चली गई."

त्याचं हसू गेलं. "सॉरी, चाचा," म्हणाला, आणि उगाच कीबोर्डवर काहीतरी करत बसला.

खरं होतं त्याचं. ती असती तर तिला माहीत असतं. मी बाथरूममध्ये जास्त वेळ लावला की बाहेरनं हाक यायची, "अहो, आत मुक्काम आहे का?" तिची झोप चिमणीसारखी. मी कूस बदलली तरी तिला कळायचं. घरात दुसरं माणूस असतं ते प्रेमाबिमासाठी असतं तसं यासाठीही असतं. आपल्याला काय होतंय ते आपल्याआधी त्याला दिसतं. एकट्या माणसाचं कोण बघणार? त्याला स्वतःलाच जावं लागतं.

डॉक्टरनं सगळं नीट सांगितलं. लघवीला सारखं जावं लागणं हे बहुतेक वेळा वयानं ग्रंथी वाढल्यामुळं असतं, त्याला कॅन्सरच म्हणायचं नाही. आणि उलटं, कॅन्सर असून काहीच त्रास नाही असंही असतं. रक्तातला आकडा वाढला तर तोही दुसऱ्या कारणानं वाढू शकतो, म्हणून एका आकड्यावर घाबरायचं नाही. बापाला, भावाला होता का, विचारलं. मी म्हटलं, बाप कशानं गेला ते आमच्याकडे कुणाला कळलंच नाही. म्हातारा झाला, गेला.

मग मी मुख्य प्रश्न विचारला. "कुछ निकला तो विसा?"

"चाचा, ये किसी को लगने वाली बीमारी नहीं है. ये आपकी अपनी सेहत का टेस्ट है. विसा से इसका लेना-देना नहीं. कराना है कि नहीं, आप बोलो."

"करो," म्हटलं.

रक्त घेतलं. बोटानंही तपासलं. कुठून ते लिहीत नाही, ज्याला समजायचं त्याला समजलं. लाज वाटली. छताकडे बघत पडलो. तोवर संपलंही होतं. शेठ पलंगावर कूस बदलताना जसा ओरडतो ते ज्यानं ऐकलंय, त्यानं असल्या लाजेचं कौतुक करू नये.

आकडा वाढलेला निघाला. काही दिवसांनी परत केला, परत तोच. मग मशीनमधला फोटो. त्यात एक ठिपका दिसला. मग सुईनं तुकडा काढून तपासायचं ठरलं, आणि हॉस्पिटलवाले म्हणाले, त्या दिवशी सोबत माणूस पाहिजे, घरी एकट्यानं जायचं नाही.

तोवर पोराला मी काही सांगितलेलं नव्हतं. आता सोबतीला माणूस आणायचा कुठनं? शेठ तर स्वतः पलंगावर.

सुट्टीच्या दिवशी पोराकडे जेवायला गेलो. सुनेनं भरली वांगी केली होती. जेवता जेवता सांगून टाकलं. पोराचा घास हातातच राहिला.

"बाबा, इतके दिवस तुम्ही एकटे जात होता? मला एक फोन नाही?"

"तुझ्या मीटिंगा असतात."

"मीटिंग काय, बाबा..."

नात आमच्या तोंडाकडे बघत होती. सातवीत आहे. तिनं विचारलं, "व्हॉट्स प्रोस्टेट?"

मी वांग्याकडे बघायला लागलो. पोरगा पाण्याच्या ग्लासाकडे. शेवटी सून म्हणाली, "पुरुषांच्या पोटात खाली एक ग्रंथी असते, बेटा. आजोबांच्या ग्रंथीत डॉक्टरांना काहीतरी दिसलंय, ते तपासणार आहेत. भाजी घे अजून."

"ओके," नात म्हणाली. "आजोबा, विल इट हर्ट?"

"थोडं," मी म्हटलं. तिनं मान हलवली आणि भाजी घेतली. एवढंच होतं. एवढ्यासाठी आम्ही दोघं ताटात तोंड घालून बसलो होतो.

तुकडा काढायच्या दिवशी पोरगा सोबत होता, निकाल घ्यायलाही तोच आला. डॉक्टरनं सांगितलं की कॅन्सर आहे. पण लहान आहे, ग्रंथीच्या आतच आहे, हळू वाढणाऱ्यांतला वाटतो. लगेच कापाकापी नको, लक्ष ठेवू. ठरल्या वेळी रक्त द्यायचं, फोटो काढायचा. वाढायला लागला तर उपचार आहेत, आणि या टप्प्यावर ते चांगले लागू पडतात. मग पोराकडे वळून म्हणाला, वडिलांना आहे म्हणजे तुम्हीही पन्नाशीची वाट बघू नका, पंचेचाळिशीच्या आसपास डॉक्टरशी बोला. पोरानं मान डोलावली. त्याच्या कानाजवळचे केस पांढरे झालेत ते मला तेव्हा दिसलं.

खाली पार्किंगमध्ये गाडीत बसलो. पोरगा गाडी चालूच करेना. दोन्ही हात स्टिअरिंगवर.

"बाबा, आय डोन्ट नो व्हॉट टू से."

"मग बोलू नको. एसी लाव, उकडतंय."

त्यानं एसी लावला. मग डोळे पुसले. मी बाहेर बघितलं. त्याला वाटावं की मी बघितलं नाही.

घरी सोडताना तो वर येतो म्हणाला. मी नको म्हटलं. मला काम होतं.

मी रव्याचा डबा काढला. रव्यात किडे झालेले. सगळा टाकला, खाली जाऊन नवा आणला. तूप मात्र चांगलं होतं, तिनं कढवलेलं. कढई तापवली. किती तूप, किती रवा, पाणी आधी की साखर आधी, काही माहीत नाही. जन्मभर खाल्ला, करताना कधी बघितला नाही. वहिनींना फोन करून विचारता आलं असतं. नाही केला. रवा एका बाजूनं लागला, पाणी एकदम ओतलं तर गुठळ्या झाल्या. चमच्यानं फोडत बसलो. तरी तुपाचा वास सुटला आणि तो जिन्यापर्यंत गेला असणार, कारण समोरच्या फ्लॅटचं दार उघडल्याचा आवाज आला.

डब्यात भरून शेठकडे नेला.

त्यानं आधी माझ्या तोंडाकडे बघितलं, मग डब्याकडे.

"काय, पास?"

"नापास. आहे."

आतनं वहिनी आल्या, दारातच थांबल्या.

"पण लहान आहे," मी म्हटलं. "आतल्या आतच आहे. नुसतं लक्ष ठेवायचं म्हणाले."

शेठनं डोळे मिटले. मला वाटलं त्याला दुखतंय.

"मग हे काय?" त्यानं डोळे न उघडताच विचारलं.

"शिरा."

"नापास झाल्यावर शिरा?"

"वेळेवर नापास झालो."

वहिनींनी तोंडाला पदर लावला. शेठनं डोळे उघडले, चमचा मागितला. त्याला आता खाणं फार जात नाही. एक घास घेतला, तोंडात घोळवला.

"गुठळ्या आहेत."

"माहीत आहे."

"करपलाय."

"माहीत आहे."

"आण इकडे," म्हणाला आणि दुसरा घास घेतला.

हे लिहायचं कारण एवढंच. तुम्ही पन्नाशीचे असाल, विसा असो नसो, कुठला तरी कागद दाखवून स्वतःला ठणठणीत म्हणत असाल, तर तो कागद कशाचा आहे ते बघा. डॉक्टरकडे जा आणि पीएसएचं विचारा. बापाला किंवा भावाला असेल तर त्याच्याही आधी. तपासायचं की नाही ते त्याच्याशी बोलून ठरवा, पण बोला. आमच्या धंद्यात गाडी वाफ सोडायला लागली की गिऱ्हाईक पळत येतं, तोवर इंजिन गेलेलं असतं. रेडिएटर पाण्यात बुडवून बुडबुडा बघायला कुणी आधी आणत नाही. घरात बायको असेल तर ती सांगेल तेव्हा जा. नसेल तर कुणी सांगायची वाट बघू नका. कोणी येत नाही.

शेठकडनं परत आलो. दाराला चावी लावली. कढई ओट्यावर तशीच, चमचाही तसाच. अर्ध्याहून जास्त शिरा कढईत उरलेला. तिच्या हाताला तिघांचं माप होतं. मला एकाचं जमलं नाही. मी ताटलीत वाढून घेतला आणि खुर्चीवर बसून खाल्ला. तिच्या तुपातला होता. तूप आता डब्याच्या तळाला आहे. पुढच्या तपासणीपुरतं होईल, इन्शाल्ला.